पाठीवरून ओळखू न येणारे पत्ते

रायभानविषयी लिहावं इतका मी त्याला ओळखत नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. त्याचं वय मला माहीत नव्हतं. त्याचे वडील कुठून येऊन आमच्या गावात स्थायिक झाले तेही माहीत नव्हतं. त्याला मुलं होऊन गेली की झालीच नाहीत, हे विचारायचं माझ्याच्यानं कधी झालं नाही. काही वर्षं तो दुपारच्या वेळी माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होता, आणि आमच्यात जे बोलणं झालं ते सगळं मिळून एका पानावर मावेल. मी कमी बोलणारा, आणि त्याचं सगळं लक्ष पत्त्यांकडे.

गावातल्या जुन्या माणसांवर चार ओळी लिहून द्या, असं इथल्या मंडळींनी सगळ्यांनाच सांगितलं. मी होय-नाही करेपर्यंत मोठी नावं इतरांनी घेऊन टाकली होती. रायभानचं नाव कुणी घेतलं नव्हतं, घेण्याची शक्यताही दिसत नव्हती. म्हणून मी घेतलं. जमेल तसं लिहितो.

आमचं गाव हसनाबाद. भोकरदन तालुका, आणि तेव्हा वर निजामाचं राज्य. गोष्ट मोठ्या लढाईच्या दिवसांतली. ती लढाई नेमकी कुठं चालली आहे हे आम्हाला नीट ठाऊक नव्हतं. पण तिच्यामुळे रॉकेल मिळत नाही, कापड मिळत नाही आणि जुन्या जालन्याच्या कुठल्याही दुकानात पत्त्यांचा कॅट मिळत नाही, एवढं कळत होतं. पहिल्या दोन गोष्टींवाचून गावानं कसंबसं निभावून नेलं.

पत्ते खेळले जायचे ते रखमाजी पाटलांच्या ढाळजेत, म्हणजे दारातून आत गेल्यावर जो ओटा लागतो त्यावर. खेळ मेंढीकोट. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौघांच्या दोन जोड्या. चार दश्श्यांना मेंढ्या म्हणायचं, आणि ज्या जोडीनं जास्त मेंढ्या धरल्या ती जिंकली. चारही धरल्या तर समोरच्यांवर कोट. आमच्या ढाळजेतला रिवाज असा की, कोट चढला की हरलेल्यांच्या पटक्यात कडब्याची एकेक काडी खोचायची आणि ती घरी जाईपर्यंत काढायची नाही. पैसे लावलेले पाटलांना चालत नसत. पण गावातून डोक्यावर काडी घेऊन जाण्यापेक्षा पैसे गेलेले बरे, असं पुष्कळांना वाटायचं.

एका बाजूला पाटील आणि त्यांचे चुलतभाऊ धर्मराज. दुसऱ्या बाजूला कारभारी आणि मी. कारभारी हे त्याचं नाव, कारभार कसलाही नव्हता. मला घेतलं होतं ते मी चांगला खेळायचो म्हणून नव्हे. हरल्यावर वाद घालणारा माणूस पाटलांना आवडत नसे, आणि वाद घालणं मला जमत नसे.

रायभान धनगर. थोडी मेंढरं होती, आणि घरी माग होता. घोंगड्या विणायचा. दुपारी मेंढरं सावलीला बसवून तो यायचा आणि ढाळजेच्या पायरीवर बसून खेळ बघायचा. कुणाच्या हातात काय आहे ते त्याला पाठीमागून दिसायचं, पण तो कधी हूं की चूं करायचा नाही. चुकीचा पत्ता पडला की फक्त मान खाली घालायचा. ती मान बघून कारभारी पुष्कळदा पडलेला पत्ता परत उचलायचा प्रयत्न करी, आणि धर्मराज त्याच्या हातावर चापट मारी.

त्या श्रावणात पाटलांच्या शेळीनं निम्म्या चौकटी खाल्ल्या. बाहेर झड लागलेली, शेतात पाय घालता येत नाही, आणि खेळ बंद. पाटील दोन दिवस शेळीकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी पायरीवरून रायभान म्हणाला, "पाटील, मी करून देऊ का पत्ते?"

"घोंगडीचे करतो का रे?" धर्मराज म्हणाला. "म्हंजी हरलं की तेच पांघरून झोपायचं."

"कागदाचे करतो. खळ हाये माझ्याकडं."

"खर्चा किती येईल?" पाटलांनी विचारलं.

"खर्चा काहीच न्हाई. मला खेळात बसू द्या, बस."

जाजमावर बसणारे सगळे जमीनजुमलावाले, आणि पायरीवर बसणारे ते पायरीवर बसणारे. तसा काही नियम कुणी केलेला नव्हता, म्हणून तो मोडायचा कसा हेही कुणाला माहीत नव्हतं. शेवटी पाटील हसले. "कर तर आधी. मंग बस."

आता हे पत्ते त्यानं कसे केले ते सांगतो. घोंगडीचे उभे धागे ताणून त्यांना चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. ती खळ बसली की लोकर कशी ताठ राहते हे रायभानला जन्मापासून ठाऊक होतं. त्यानं जुन्या धोतराचा तुकडा घेतला, त्याच्या दोन्ही अंगांना खळीनं कागद चिकटवले, आणि वर जात्याची तळी ठेवून दिली. वाळल्यावर कात्रीनं पत्ते कापले आणि नदीतल्या गुळगुळीत गारगोटीनं घासून घासून त्यांना चकाकी आणली. कागद मिळणं अवघड होतं. पण सरकारनं चावडीच्या भिंतीवर लढाईत भरती होण्याचे मोठमोठे कागद लावले होते, त्यांच्यावर बंदूकवाल्या शिपायांची चित्रं होती. पावसानं ते सुटून खाली आले होते. आमच्या गावातून लढाईवर कुणी गेलं नाही, उलट लढाईतले शिपाईच पत्त्यांच्या पोटात जाऊन बसले.

काळा रंग काजळाचा, बाभळीच्या डिंकात खललेला. लाल रंगासाठी जयवंताबाईंचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, कुंकवाचा करंडा रिकामा झाला. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक हे ठसे त्यानं रताळ्यावर कोरले. ती रताळी एकादशीला आणलेली होती. जयवंताबाई त्या दिवशी नुसत्या पाण्यावर राहिल्या आणि ही गोष्ट त्यांनी शेजारपाजारच्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगितली.

चित्रांचे पत्ते काढताना त्याची पंचाईत झाली असावी. त्यानं राजा कधी बघितला नव्हता. त्यामुळे त्याचे राजे खांद्यावर घोंगडी टाकलेले, हातात काठी घेतलेले असे झाले. राण्या डोक्यावरून पदर घेऊन खाली बघणाऱ्या. गुलाम मात्र त्यानं तहसिलीच्या चपराश्यावरून काढला, कारण तो त्यानं अगदी जवळून बघितलेला होता. पट्टा, बिल्ला, मिशा, सगळं. आमच्याकडे नवा माणूस खेळायला बसला की तो गुलाम हातात आल्यावर जरा सावरून बसायचा.

कॅट तयार झाला तेव्हा पाटलांनी एक पत्ता वाकवून बघितला. तो टणकन सरळ झाला. "बराबर जमलं रे," ते म्हणाले. रायभाननं पाय धुतले, धोतर झटकलं आणि जाजमाच्या कडेला येऊन बसला. कारभारी त्याला जागा द्यायला उठलासुद्धा. त्याला तसंही गुरांकडे जायचं होतं.

धर्मराजनं पत्ते पिसले आणि वाटायच्या आधी पालथी चवड रायभानसमोर धरली.

"हे सगळे तूच केलेस ना?"

"मंग? दुसरं कोण करणार?"

"मंग तुला पाठीवरून ओळखू येत असतील."

दुसरा कुणी असता तर 'छे छे' म्हणून मोकळा झाला असता. पण कळपातली मेंढी मागून ओळखता येत नाही असं कबूल करणं धनगराला जमत नाही. मेंढरं पुढं पळत असली तरी नुसत्या पाठीवरून, ही अमकीची लेक आणि ती तमकीची बहीण, हे त्याला सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर त्यानं मेंढरं विकून टाकावीत.

"येतात की," रायभान म्हणाला. "न यायला काय झालं?"

"हा कोणता?"

"बदामाची सत्ती. हिला खळ कमी पडली, पोट खपाटीला गेलंय."

धर्मराजनं उलटून बघितलं. बदामाची सत्ती.

"हा?"

"किलवरची राणी. कोपरा मुरडती. आन ही इस्पिकची दश्शी. हिच्या कापडात गाठ हाये, बघा बोट फिरवून. हा चौकटचा गुलाम."

एकही चुकला नाही. बोलता बोलता रायभानचं तोंड उजळत गेलं. आपली परीक्षा चालली आहे आणि आपण ती पास होत आहोत, अशी त्याची समजूत झाली होती.

"झालं मंग," धर्मराज चवड खाली ठेवत म्हणाला. "याच्यासंगं खेळणार कोण?"

रायभाननं चवडीवर हात ठेवला. मग म्हणाला, "पण पाटील, बोली झाल्ती."

"झाल्ती," पाटील म्हणाले. "पण ओळखू येतात असं तूच म्हणतोस. मी म्हणालो का?"

रायभान उठून पायरीवर जाऊन बसला. कारभारीला गुरांकडे जाता आलं नाही. त्या दिवशी आम्ही त्याच पत्त्यांनी दिवेलागणीपर्यंत खेळलो. निघताना रायभाननं विचारलं, "ओळखू न येणारे केले तर?"

"तर बस की," पाटील म्हणाले. "मी काय शब्द फिरवणारा माणूस हाये का?"

इथून पुढची काही वर्षं रायभाननं काय केलं हे मी एका वाक्यात सांगू शकतो. ज्याची सगळी अक्कल ओळखण्यात गेली होती, तो स्वतःला ओळखू येणार नाही अशी वस्तू करायच्या मागे लागला.

आधी त्यानं सगळ्या पाठी कातानं एकसारख्या रंगवल्या. रंग एक झाला, पण जाडी कमी-जास्त, ती त्याच्या बोटांना कळली. मग त्यानं जाडी सारखी केली, तर कापडाचे विणीतले दोष त्याच्या लक्षात राहिले. कापड बदललं, तर घासताना गारगोटी कुठल्या पत्त्यावर किती फिरली हे हाताला आठवायचं. एकदा मी घोंगडी आणायला त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा ही परीक्षा मी बघितली. जयवंताबाई समोर बसून पालथा पत्ता धरायच्या आणि तो ओळखायचा. बरोबर ओळखला की दोघांचीही तोंडं पडायची.

"बघा ना जरा नीट," जयवंताबाई चिडून म्हणाल्या. "चुकायचं बी जमंना का तुम्हाला?"

"चुकायला बघून राह्यलो की. पण चुकत न्हाई."

"मंग डोळे मिटा."

त्यानं डोळे मिटले आणि पत्त्यावर बोट फिरवलं. "चौकटची चव्वी," तो खाली मान घालून म्हणाला. ती चौकटची चव्वीच होती.

इकडे ढाळजेत एक गंमत होत होती, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. रायभानचा पहिला कॅट आम्ही रोज वापरत होतो. रोज वापरून पत्त्यांना डाग पडले, कोपरे झडले, एका राजावर हळद सांडली, एका एक्क्याला पाटलांच्या तंबाखूचा वास लागला. वर्षाच्या आत आम्हा चौघांनाही सगळे पत्ते पाठीवरून ओळखू यायला लागले. पाटील पत्ता टाकायच्या आधी आमच्या हातातल्या पाठींवरून नजर फिरवायचे, आणि मग कपाळाला आठ्या घालून खूप विचार केल्यासारखं करायचे. धर्मराज तर हुकमाचा पत्ता राखून ठेवताना 'आता नशिबावर सोडायचं' असं तोंडानं म्हणायचा. ओळखू येतंय असं म्हणायचं नाही एवढाच एक नियम होता, आणि तो सगळ्यांनी कसोशीनं पाळला. खेळ फार सुंदर व्हायचा. तालुक्याचे पाहुणे आले की म्हणायचे, हसनाबादसारखा मेंढीकोट कुठं बघितला नाही.

रायभान पायरीवरून हे सगळं बघत होता. त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. पण तो काही बोलला नाही. नवीन कॅट आणून द्यायचा, धर्मराज परीक्षा घ्यायचा, तो खरं सांगायचा. कॅट ढाळजेत राहायचा आणि तो पायरीवर.

शेवटी तोड काढली ती जयवंताबाईंनी. ही गोष्ट मला नंतर कारभारीकडून कळली. त्या म्हणाल्या, "आवं, तुम्ही नुसते कोरे पत्ते करून द्या. तोंडं मी काढते. तुम्ही मेंढरांमागं जा, अन् काम होईस्तोवर घरात पाऊल टाकू नका."

इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आली नव्हती. रायभाननं कोरे पत्ते केले, घासले, उन्हात वाळवले, आणि मेंढरं घेऊन निघून गेला. जयवंताबाईंनी दार लावून चित्रं काढली. त्यांच्या राण्या अंगापिंडानं मोठ्या आणि उभ्या. राजे बाजेवर बसलेले. गुलाम विहिरीवर पाणी शेंदत होते. पाटलांनी तो कॅट बघितला आणि राजाला बाजेवर का बसवलंय असं विचारलं. "मला काय म्हाईत," रायभान म्हणाला. "मीबी आजच बघून राह्यलो."

ते राज्य जायच्या आदल्या वर्षीचा श्रावण होता. कारभारी लेकीकडे अंतरवाली सराटीला गेला होता, त्यामुळे चौथा माणूस नव्हताच. धर्मराजनं पत्ता पालथा धरला.

"सांग."

"न्हाई सांगता येत."

"अंदाजानं सांग."

"इस्पिकचा एक्का."

बदामाची तिर्री निघाली. दुसरा चुकला, तिसरा चुकला. रायभान एवढा खूश झालेला मी कधी बघितला नाही. प्रत्येक चुकीला तो मांडीवर थाप मारत होता.

"खोटं बोलून राह्यला," धर्मराज म्हणाला.

"बसू दे," पाटील म्हणाले. "चौथा कुठून आणायचा?"

रायभान जाजमावर बसला, माझ्यासमोर. तो माझा जोडीदार झाला. मला वाटलं, इतकी वर्षं हा माणूस रोज खेळ बघतोय, आज पाटलांचं काही खरं नाही.

पहिल्याच उतारीला त्यानं दश्शी टाकली. सरळ, उघडी. पाटलांनी तिच्यावर एक्का टाकला आणि ती ओढून घेतली. मी रायभानकडे बघितलं. तो तोंड उघडं टाकून एक्क्याकडे बघत होता, जणू जगात एक्का नावाचं काही असतं हेच तो विसरला होता. मग त्यानं हुकूम नको तिथं मारला आणि पाहिजे तिथं राखून ठेवला. कोट चढला. धर्मराजनं दोघांच्या पटक्यात काड्या खोचल्या. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्या डावात मी जिंकत आणलेला हातसुद्धा त्यानं वरून हुकूम मारून स्वतःकडे ओढला, आणि पुढच्या उतारीला मेंढी घालवली. दुपार कलेपर्यंत त्याचा पटका सुगरणीच्या खोप्यासारखा दिसायला लागला. माझाही तसाच दिसत असणार.

मला आता वाटतं की, बघून बघून तो खेळ शिकला नव्हता. तो बघत होता तेव्हा त्याला चौघांचेही पत्ते ठाऊक असायचे, काहींचे पाठीमागून दिसलेले, काहींचे पत्त्यांच्या पाठीवरून ओळखलेले. समोरच्याच्या हातात काय असेल याचा विचार करायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. पण हे मला आता सुचतंय. तेव्हा सुचलं नाही.

पाटील आधी हसत होते. मग हसायचे थांबले. मग त्यांनी पत्ते खाली ठेवले.

"रायभान, मी भिकारी हाये का?"

"का हो पाटील?"

"मला मेंढ्या दान करून राह्यलास तू?"

"न्हाई हो. बिरोबाची आण. मला काहीच ओळखू येऊन न्हाई राह्यलं."

"पाटील, तुम्हीच बघा," धर्मराज पुढं सरकून म्हणाला. "ज्याला पत्ते ओळखू येत न्हाईत, त्याचा चुकून तरी एखादा हात बरा पडतो. याचा एक न्हाई पडला. इतकं बराबर हरायचं म्हंजी आपल्या हातातला पत्ता न पत्ता दिसला पाहिजे."

हे बोलणं ढाळजेत सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर ऐकताना मलाही पटलं.

रायभाननं हातातले पत्ते जाजमावर पालथे ठेवले. मग अगदी हळू म्हणाला, "मला खेळता येत न्हाई पाटील."

"इतकी वर्षं बघतोस, अन् खेळता येत न्हाई?"

"न्हाई येत."

"मोठ्या मनाचा हायेस," पाटील म्हणाले, आणि त्यांचा आवाज फार कडक झाला होता. "पण मला कुणी मुद्दाम हरलेलं चालत न्हाई. ऊठ."

ज्या दिवशी रायभान खरंच ओळखायचं विसरला, त्या दिवशी गावानं त्याला सगळं ओळखणारा ठरवलं. तो उठला. काड्या काढायच्या नाहीत हा रिवाज त्यानं त्या दिवशीही पाळला, आणि तसाच गावातून घरी गेला. मी त्याच्या मागून चाललो होतो, माझंही घर त्याच बाजूला. काहीतरी बोलावं असं मनात आलं. काय बोलावं ते सुचेपर्यंत त्याचं घर आलं. दारात जयवंताबाई उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसू दिलं का?"

"दिलं," तो म्हणाला.

कॅट अर्थातच पाटलांकडे राहिला. चांगला झाला होता. थोड्याच दिवसांत आम्हाला त्याच्याही पाठी ओळखीच्या झाल्या. ज्याला तो कॅट पाठीवरून ओळखू येत नव्हता असा एकच माणूस गावात राहिला होता, आणि त्यालाच ओळखू येतात म्हणून हात लावायची बंदी होती. तो आता पायरीवरही येत नसे.

पुढचं वर्ष वाईट गेलं. रझाकारांच्या भीतीनं माणसं कधी गावात तर कधी रानात. ढाळजेचं दार बंद असायचं. मग सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि रस्ते मोकळे झाले. धर्मराज जालन्याला गेला तो कारखान्यात छापलेला नवाकोरा कॅट घेऊन आला. गुळगुळीत, चकचकीत, आणि सगळ्यांच्या पाठीवर एकसारखी निळी वेलबुट्टी.

आम्ही मोठ्या हौसेनं बसलो. आणि आमच्यापैकी एकालाही खेळता येईना. पाटलांनी पहिल्याच डावात उघडी दश्शी टाकली. धर्मराजनं स्वतःच्या जोडीदाराचा राजा मारला. कारभारी आणि माझ्याकडे चारही मेंढ्या आल्या, कशा ते आम्हाला कळलं नाही. पाटलांच्या डोक्यात काडी खोचायला कुणाचा हात होईना. शेवटी त्यांनी स्वतःच खोचून घेतली. तीन-चार दिवस हेच चाललं. पाटील धर्मराजवर संशय घ्यायला लागले, धर्मराज दुकानदारावर. एके दिवशी धर्मराज पत्ते आपटून उठला आणि परत आला नाही.

पाटलांनी निळ्या वेलबुट्टीवरून एकदा बोट फिरवून बघितलं. मग मला म्हणाले, "पुंजाराम, जा, रायभानला बोलावून आण. म्हणावं या पत्त्यांत तुझा हात न्हाई. आता काही बोलायला जागा न्हाई. जाजमावर बस."

त्यांना उशिरानं काही कळलं होतं, की हरायला एक माणूस हवा होता, हे मी सांगू शकत नाही. मी गेलो.

त्या भेटीनंतर रायभानची आणि माझी गाठ पडली नाही. त्याच आठवड्यात मला जालन्याच्या जिनिंगात काम लागलं. तो दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीकडे उतरला आणि तिकडेच तापानं गेला, असं कारभारीनं मला बाजारात सांगितलं. त्यामुळे त्या दिवशी झालं तेवढंच आमचं शेवटचं बोलणं. त्याला यायचं नव्हतं, की त्याचं काम खरंच खोळंबलं असतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

तो अंगणात होता. घोंगडीचे काळे धागे या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणले होते आणि तो कुंच्यानं त्यांना खळ देत होता.

"रायभानबापू, पाटलांनी बोलावलंय," मी म्हणालो. "खेळायला. नवीन पत्ते आणलेत, बाजारातले. जाजमावर बसा म्हणाले."

त्यानं कुंचा थांबवला नाही. "आता?"

"आता."

"आता कसं जमंल? खळ देऊन राह्यलो. मधीच सोडली तर वाळून जाईल."

"मंग उद्या?"

"उद्याचं उद्या बघू." त्यानं माझ्याकडे बघितलं. "दादा, ते टोक ढिलं पडून राह्यलं. जरा धरता का?"

मी टोक धरलं.

"ओढा. अजून थोडं. हां, बराबर."